थोरलीचं कुलूप

त्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन सवती शेजारी शेजारी बसल्या होत्या, थोरली आणि धाकटी, आणि आम्ही नवरा-बायको खाली पाट मांडून जेवत होतो. कोणाचा गैरसमज नको. माझं लग्न एकदाच झालंय, मालतीशी, आणि ती एकटी मला पुरून उरली आहे. थोरली आणि धाकटी हे दोन कॉम्प्युटर. खरं तर भांडण कॉम्प्युटरांचंही नव्हतं, त्यांच्या पोटातल्या प्रोग्रामचं होतं. गोधड्यांची नक्षी आखायचा एकच प्रोग्राम. त्याची जुनी आवृत्ती थोरलीत, नवी धाकटीत. दोन्हींतली एकच ठेवायची होती आणि कोणती ते आम्ही ठरवायचं होतं. आम्ही म्हणजे मालतीनं, असं मालतीचं म्हणणं.

मी सिल्वासाच्या बांधकाम खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. मालती इथल्या मराठी शाळेत चित्रकला शिकवायची, तीही माझ्या मागोमाग घरी बसली. बसली म्हणायचं, पण बसणं तिच्या स्वभावात नाही. जवळच्या सायली गावात गोधड्या शिवून परदेशी पाठवणारी एक कंपनी होती. मालतीनं जुन्या साड्यांच्या तुकड्यांची केलेली एक गोधडी तिथल्या साहेबांच्या नजरेला पडली आणि कंपनीनं आपला एक वापरलेला कॉम्प्युटर आणि एक खडखड करणारा प्रिंटर आमच्या आमळीच्या घरी आणून ठेवला. नक्षी मालतीनं काढायची, छापलेला कागद मंजुळाबाईला द्यायचा, शिवायचं काम राखोलीच्या बायकांचं. मंजुळाबाई ही त्या बायकांची म्होरकी. मूळची नंदुरबारकडची, नवरा राखोलीच्याच एका कारखान्यात, आवाज माझ्याहून मोठा.

आता हा जुना प्रोग्राम कसा चालायचा ते सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. काळा पडदा, त्यावर केशरी अक्षरं. रंग म्हणाल तर तो एकच. गोधडीचे चौकोन पडद्यावर आखलेले असायचे आणि कोणत्या चौकोनात कोणता रंग, ते आकड्यानं लिहायचं. आडवी ओळ कितवी, उभी ओळ कितवी, रंगाचा नंबर काय. लाल भरला तरी पडद्यावर लाल दिसायचा नाही, ‘९’ दिसायचा. मालती आधी आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी नक्षी काढायची आणि मग ती यंत्रात घालायची. इथे पंचाईत व्हायची. कागद बघायचा एक चष्मा, पडदा बघायचा दुसरा. कागदाकडे बघितलं की पडद्यावरची ओळ हरवायची, पडद्याकडे बघितलं की कागदावरची. पहिल्या आठवड्यात तिनं एका कमळाला शेपूट काढलं. मग मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, ‘मी वाचतो, तू टाइप कर.’

वाचनाचा मला सराव होता. आमच्या खात्यात निविदा उघडायच्या दिवशी सगळ्या ठेकेदारांसमोर आकडे मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे असे. खानवेलच्या मोरीपासून कलेक्टर कचेरीच्या गच्चीपर्यंत सगळ्या निविदा मी वाचल्या आहेत आणि मागच्या बाकावरच्या माणसाला कधी ‘काय म्हणालात?’ असं विचारावं लागलं नाही. त्याच आवाजात मी सुरू केलं. ‘आडवी चार! उभी सात! रंग नऊ!’ मालती म्हणाली, ‘अहो, मी इथेच आहे, तुमच्या शेजारी.’ पण आवाज काही उतरला नाही, आणि काम मात्र झपाट्यानं व्हायला लागलं.

रंगांच्या नंबरांचा मात्र मला कंटाळा आला. नऊ म्हणजे लाल, अकरा म्हणजे पिवळा, हे काय लक्षात ठेवण्यासारखं आहे? मी नावं द्यायला लागलो. नऊ नंबर झाला कोकम. अकरा नंबरचा फिकट पिवळा अगदी सरकारी भिंतीचा होता, तो झाला कचेरी. एक मळकट हिरवा होता, मे महिन्यात पुलावरून खाली नदीत बघितलं की दिसतो तसा, तो दमणगंगा. एक निळा धड मोरपंखी नव्हता आणि धड आकाशी नव्हता, तो आजारी मोर. मालती शाळेत ज्या रंगाची साडी नेसून जायची तो बिस्किटी रंग मास्तरीण. ह्या नावावरून ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, ‘कडेला मास्तरीण घेऊ या का?’

मंजुळाबाईनं ही नावं ऐकली आणि राखोलीला नेली. तिथे कापडाच्या थैल्यांना तीच नावं पडली. ‘बाई, कोकम सरनं. पावशेर दमनगंगा बी लागई,’ असं ती अंगणातून ओरडून सांगायची. छापलेल्या कागदावर आकडेच असायचे, पण आकडा दिसला की बायकांच्या तोंडी नाव यायचं. अशी पाच वर्षं गेली. सकाळी चहा झाला की मालती यंत्रासमोर, मी तिच्या डाव्या हाताला, मध्ये कागद. नोकरीत मी सकाळची इतकी वाट कधी बघितली नव्हती.

मग श्रीकांत आला. कंपनीच्या कॉम्प्युटर विभागातला हा मुलगा डोंबिवलीचा, गोड बोलणारा, आम्हांला काका-काकू म्हणणारा. त्यानं एक नवा कोरा कॉम्प्युटर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘काकू, नवी आवृत्ती आलीय. महिनाभर वापरून बघा. आवडली तर ठेवा, नाही आवडली तर मी घेऊन जाईन. मात्र दोन्ही ठेवता येणार नाहीत.’

‘का नाही?’ मी विचारलं.

त्यानं जुन्या यंत्राच्या पाठीमागे बोट दाखवलं. प्रिंटरची वायर जिथे खोचतात तिथे काडेपेटीएवढी एक डबी स्क्रूनं बसवलेली होती. तिला आम्ही कुलूप म्हणायचो. ती नसली की प्रोग्राम उघडतच नसे. चोरून नकला कोणी करू नयेत म्हणून बनवणाऱ्यांनी केलेली सोय. श्रीकांत म्हणाला, ‘नवी कायमची हवी असेल तर हे जुनं कुलूप त्यांना परत द्यायचं, असा त्यांचा नियम आहे. मग जुना प्रोग्राम पुन्हा चालणार नाही.’

तो गेल्यावर मी दोन्ही यंत्रांकडे बघून म्हटलं, ‘थोरलीला घराबाहेर काढल्याशिवाय धाकटी नांदणार नाही म्हणते.’ मालती हसली. नावं तिथेच पडली.

धाकटीबद्दल माझं मत पहिल्या दिवशीच तयार झालं. ती उठायला फार वेळ लावायची. थोरली बटण दाबलं की दारात हजर. धाकटी उठेपर्यंत माझा चहा पिऊन कप विसळून व्हायचा. बरं, उठली की आधी वाजायची. घरात आलेली सून उठल्या उठल्या गाणं म्हणते का? मग तो माऊस. ‘साबणाची वडी धरून कोणी चित्र काढतं का?’ मी म्हणालो. ‘आणि आपल्याकडचं व्होल्टेज? थोरलीनं पाच वर्षं सोसलं. ही नाजूक बाई एका झटक्यात माहेरी जाईल.’

‘तुम्ही तिला हात तरी लावलाय का?’ मालतीनं विचारलं.

‘हात न लावता माणसाची पारख होते. मी तीस वर्षं ठेकेदार बघितलेत.’

एका दुपारी मी झोपून उठलो तर घरात शांतता. मी बाहेर आलो. मालती धाकटीसमोर बसली होती. कागद नव्हता, पेन्सिली नव्हत्या. पडद्यावर हिरवा होता, लाल होता, आणि तो लाल खरोखरीच लाल होता. ती माऊस सरकवायची, एक चौकोन उचलायची, दुसरीकडे ठेवून बघायची, मान तिरकी करायची, परत उचलायची. जिभेचं टोक दातांत धरलेलं. फळ्यावर रंगीत खडूनं चित्र काढताना ती अशीच जीभ धरायची, हे मी एकदा शाळेच्या खिडकीतून पाहिलं होतं, आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा. मी म्हटलं, ‘चहा टाकू?’ तिला ऐकू गेलं नाही. माझा आवाज तिला ऐकू गेला नाही! मी दारातच उभा राहिलो. मला राग आला, आणि रागाखाली भीती होती. हिला आता वाचणारा नको. माझी खुर्ची भिंतीला टेकलेली होती. वय झालेल्या माणसाला सकाळी उठून जायला जागा हवी असते, आणि माझी जागा त्या खुर्चीएवढीच होती.

हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं ते भलतंच.

‘धाकटी आळशी करते माणसाला,’ मी रात्रीच्या जेवणाला म्हणालो. ‘कागदावर आधी विचार होतो. हिच्यात नुसती उचल-ठेव.’

मालतीनं भाताचा घास खाली ठेवला. ‘पाच वर्षं मी रंगाचं काम करते आणि मला रंग दिसत नाही,’ ती म्हणाली. ‘तुम्ही कोकम म्हणता, मी नऊ दाबते. गोधडी शिवून आली की कळतं, कोकमाशेजारी दमणगंगा नको होती. तोवर ती बोटीत चढलेली असते. मला एकदा बघत बघत करायचंय. एकटीनं.’

‘एकटीनं?’

‘हो. त्यात काय?’

मी आमटी मागितली.

आणि मग देव माझ्या मदतीला धावून आला. म्हणजे मला तसं वाटलं. कंपनीला तान्ह्या मुलांसाठी छोट्या गोधड्या हव्या होत्या. तळं, वर सूर्य, तळ्यात पिवळी बदकं. मालतीनं ती सगळी नक्षी धाकटीवर एका दुपारी पुरी केली. पडद्यावर ती खरंच सुरेख दिसत होती, मी नाही म्हणत नाही. कागद जुन्याच प्रिंटरवर छापला, म्हणजे पुन्हा आकडेच. रंगांचे जुने नंबर नवीन आवृत्तीत तसेच राहतात, असं श्रीकांतनं छातीठोकपणे सांगितलं होतं. मंजुळाबाई कागद घेऊन गेली आणि नमुन्याची गोधडी शिवून घेऊन आली.

तिनं ती अंगणात झटकून उघडली. तळं कोकम रंगाचं होतं. सूर्य कोळशासारखा काळा. आणि त्या रक्तासारख्या तळ्यात पाच गुबगुबीत जांभळी बदकं पोहत होती. नंबर राहिले नव्हते तसेच. धाकटीनं सगळ्या रंगांची खांदेपालट केली होती आणि राखोलीच्या बायकांनी आपल्या पाठ झालेल्या नावांनी इमानानं शिवलं होतं.

‘मंजुळाबाई,’ मालती कशीबशी म्हणाली, ‘जांभळं बदक कधी बघितलंत तुम्ही?’

‘मी तं पिवळंबी नही देखं,’ मंजुळाबाई म्हणाली. ‘मले वाटनं, तठली, परदेसनी बदकं जांभळीच ऱ्हातस. आन बाई, टाके तं देखा! एक टाका वाकडा नही.’

मी हसलो. पोट धरून हसलो. मग पायरीवर बसून हसलो. ‘ते मूल ही पांघरून झोपलं तर झोपेतच दुसरं घर शोधेल,’ मी म्हणालो. ‘आता बोल! थोरलीनं असं कधी केलं का? तिनं एक बदक तरी नासवलं का पाच वर्षांत?’

‘कमळाला शेपूट आलं होतं.’

‘ते मी वाचायला लागायच्या आधी!’

मंजुळाबाईनंही माझीच बाजू घेतली. ‘आजपासून मले नंबर सांगू नका. नंबर फसवस. नाव सांगा,’ असं तिनं बजावलं आणि गोधडी खांद्यावर टाकून उभी राहिली. मालतीनं ती तिच्याकडून घेतली, नीट घडी केली आणि म्हणाली, ‘ठीक आहे. थोरलीच ठेवू. धाकटीला परत न्या म्हणून सांगा श्रीकांतला.’

मी जिंकलो. अख्ख्या संसारात मी मालतीशी वादात जिंकलो तो हा एकच प्रसंग, आणि म्हणून तो साजरा करायचा मला हक्क होता. मी झंडाचौकात जाऊन जिलबी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, घसा साफ केला. मालतीनं बदकं पुन्हा आलेखाच्या कागदावर काढली होती.

‘आडवी तीन! उभी पाच! कचेरी!’

टक, टक, टक.

‘आडवी तीन! उभी सहा! कचेरी!’

टक, टक, टक. एकही चूक नाही. पूर्वी ती मध्येच म्हणायची, ‘थांबा, इथे मास्तरीण घालून बघू,’ किंवा माझ्या आवाजाची नक्कल करायची. त्या दिवशी ती नुसती टाइप करत होती. मी जे सांगत होतो ते. बांधकाम खात्यात टायपिस्ट असायच्या तशी. मी एक ओळ मुद्दाम चुकवून वाचली, ‘आडवी तीन, उभी आठ, आजारी मोर.’ बदकाच्या पोटात निळा! तिनं तोही टाइप केला. मी कागदावरून मान वर केली. तिचे डोळे पडद्यावरच्या केशरी आकड्यांवर होते, पण ती बघत नव्हती. धाकटीवर तिनं एक जुनी ओढणी झाकून ठेवली होती.

‘चुकलं,’ मी म्हणालो. ‘तिथे कचेरी हवी.’

‘बरं,’ मालती म्हणाली आणि दुरुस्त केलं.

बरं! मालती मला ‘बरं’ म्हणाली! तिनं भांडावं, माझी अक्कल काढावी, जेवायला वाढू नये, ह्यातलं सगळं मी सोसलं असतं. तिच्या शेजारी बसायला मिळावं म्हणून मी जो वाद घातला होता तो जिंकून मी एका टायपिस्टच्या शेजारी बसलो होतो.

दुपारी ती झोपली असताना मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, टेबलामागे वाकलो आणि थोरलीच्या पाठीतलं कुलूप काढलं. कंबर धरली, पण काढलं. ते सदऱ्याच्या खिशात घातलं आणि नाक्यावरून सायलीची रिक्षा पकडली. रिक्षात मी स्वतःशी बोलत होतो बहुतेक, कारण रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून विचारलं, ‘शूं कह्युं, काका?’

श्रीकांतनं मला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. बदकांची बातमी त्याला कळली होती. ‘काका, नंबरांचं माझं चुकलं. मी उद्या येऊन धाकटी... म्हणजे नवीन यंत्र घेऊन जातो.’

‘तुझं चुकलंच,’ मी म्हणालो. ‘पूर्ण खात्री नसताना छातीठोकपणे बोलायचं ते माझ्या वयात. तुझ्या वयात माहिती काढायची.’ मग मी कुलूप त्याच्या टेबलावर ठेवलं. ‘नवी ठेवतोय आम्ही.’

‘काकूंनी ठरवलं?’

‘काकूंच्या वतीनं ठरलं. घे.’

तो घ्यायला लागला, पण माझा हात कुलपावरून निघेना. त्यानं हळूच ओढलं. मी सोडलं. इतकंसं कुलूप ते, पण परत येताना माझा हात राहून राहून रिकाम्या खिशात जात होता.

घरी आलो तर मालती उठून थोरलीसमोर बसली होती. पडद्यासाठीचा चष्मा डोळ्यांवर, कागद माझ्या बाजूला, माझी खुर्ची ओढून ठेवलेली. पडद्यावर इंग्रजीत एकच केशरी ओळ, कुलूप सापडत नाही अशी.

‘अहो, थोरली उठत नाहीय.’

‘उठणार नाही. कुलूप देऊन आलो.’

मालतीनं चष्मा काढला. ‘कोणाला विचारून?’

‘कोणाला विचारायचं?’

‘मी म्हटलं होतं ना, थोरली ठेवू म्हणून! ठरवायचं मी होतं!’ तिचा आवाज चढला. मला त्या आवाजानं फार बरं वाटलं.

‘म्हटलं होतंस. म्हणताना स्वतःचं तोंड बघितलंस का?’

‘माझं तोंड मला कसं दिसणार?’

‘म्हणून मी बघितलं,’ मी म्हणालो आणि चहा टाकायला आत गेलो. आत गेल्यावर साखरेचा डबा सापडायला मला बराच वेळ लागला. डोळे भरून आले की डबे सापडत नाहीत.

थोरलीला श्रीकांत घेऊन गेला. धाकटी खिडकीजवळच्या लहान टेबलावर गेली. जेवणाचं टेबल मोकळं झालं आणि आम्ही पुन्हा वर बसून जेवायला लागलो, एवढा एक फायदा. मालती सकाळी खिडकीपाशी बसायची ती पार दुपार होईपर्यंत. चोवीस जुन्या रंगांचे नवे नंबर तिनं जुळवून घेतले आणि मंजुळाबाईला नावांनी सांगायला सुरुवात केली. बदकं पिवळी झाली. कंपनीचे साहेब खूश झाले. मालती गुणगुणायला लागली. माझ्याशी ती पहिल्यासारखी भांडायलाही लागली, म्हणजे सगळं सुरळीत होतं.

मी ओसरीवर. सकाळी वर्तमानपत्र यायचं ते मी पहिल्या पानापासून वाचायचो, आणि सवयीनं मोठ्यानं. बाजारभाव, हवामान, वापीची गटारं, लोकसभेतला गोंधळ. एकदा शेजारचे भगवंतराव कुंपणापलीकडून म्हणाले, ‘रघुनाथराव, मलाही वाचता येतं हो.’ त्यानंतर मी मनात वाचायला लागलो. मनात वाचायला फार वेळ लागत नाही. नऊ वाजता पेपर संपायचा आणि जेवणाला अजून चार तास असायचे. मालतीनं बोलावलं नाही. तिला एकटीनं करायचं होतं, आणि ते मीच आणून दिलं होतं, त्यामुळे तक्रारही करता येईना. ही सगळ्यांत वाईट गोष्ट होती.

अशाच एका सकाळी आतून हाक आली. ‘अहो! जरा या.’

मी लगेच उठलो नाही. माणसानं थोडा मान ठेवावा स्वतःचा. चष्मा शोधला, पेपरची घडी केली, मग गेलो.

पडद्यावर बदकं नव्हती, कमळं नव्हती. एकच मोठा चौकोन होता आणि तो एका रंगानं भरलेला होता.

‘हा कुठला काढलास?’

‘काढला नाही, केला. हिच्यात आपला आपण रंग करता येतो. तीन पट्ट्या आहेत, त्या सरकवायच्या. चार दिवस करतेय, जमतच नव्हता. कधी पिवळट व्हायचा, कधी विटकरी. आत्ता झाला.’ ती माझ्याकडे न बघता बोलत होती. ‘नवीन गोधडीला घ्यायचाय. मंजुळाबाई नंबर ऐकत नाही. नाव काय सांगू तिला?’

‘तुला दिसतोय ना रंग? मग तूच ठेव नाव.’

‘दिसतोय म्हणूनच तुम्हांला विचारतेय.’

मी वाकून बघितलं. केशरी, पण झेंडूचा नव्हे. संत्र्याचा नव्हे, शेंदराचा नव्हे. काळ्या पडद्यावर सकाळी उमटायचा तो. आडवी चार, उभी सात. पाच वर्षं मी त्या रंगासमोर बसलो होतो आणि त्याला कधी नाव दिलं नव्हतं, कारण आमच्या यादीत तो रंग नव्हताच. यादीतले सगळे रंग त्याच्यात लिहिले जायचे.

‘थोरली,’ मी म्हणालो.

‘काय? ऐकू आलं नाही.’

मलाही ऐकू आलं नव्हतं. मी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि मागच्या बाकावरच्या ठेकेदाराला सांगावं तसं सांगितलं, ‘थोरली!’

कुंपणापलीकडून भगवंतरावांनी ओरडून विचारलं, ‘काय झालं हो?’ मालती एकेक अक्षर शोधून टाइप करत होती. अक्षरं इंग्रजी होती, पण नाव आमचंच होतं. मग तिनं तळहातानं डोळे पुसले आणि माऊस पुन्हा धरला.

‘ह्या बाईच्या पोटात लाखो रंग आहेत म्हणतो श्रीकांत,’ ती म्हणाली. ‘आणि एकालाही धड नाव नाही. उभे काय राहिलात, बसा.’

मी खुर्ची आणायला वळलो. ती तिच्या डाव्या हाताला मांडलेलीच होती, आणि तिच्यावर घडी करून ठेवली होती ती जांभळ्या बदकांची गोधडी. मी बदकांवर बसलो. मालतीनं पट्ट्या सरकवल्या. पुढचा रंग हिरवा होता, आणि त्याला नाव द्यायची मी काही घाई केली नाही.